तवंदी घाटात बंद पडणारी गाडी

गुंडूनं शामूला पहिली ठेवून दिली ती उंबऱ्यातच. शामू मशेरीचं बोट तोंडात घालून दार उघडायला आला होता. बोट तोंडातच राहिलं आणि वरून गुंडूचा पंजा बसला. काळी लाळ आणि तांबडं रक्त मिळून त्याच्या बंडीवर उतरलं.

“आजवर दाजी म्हटलं,” गुंडू म्हणाला. “आजपास्नं तू शाम्या. चल, बस गाडीत.”

“अरं, पर झालं काय ते तरी—”

दुसरी कानाखाली बसली. शामू चौकटीवर आदळला.

आतून यशोदाबाई आली. गुंडूची थोरली बहीण, शामूची बायको. भाकरी भाजता भाजता उठली होती. तापलेलं उलथनं हातात तसंच होतं. तिनं ते भावाच्या दंडावर टेकवलं आणि दाबून धरलं. कातडं चरचरलं. गुंडूनं हात मागं घेतला नाही.

“आक्का, भरमूचा पाय कापला काल. गुडघ्याखाली. तुझ्या नवऱ्यानं सडकी गाडी माझ्या गळ्यात मारली म्हणून कापला.”

उलथनं खाली आलं. बोरगावच्या त्या बोळात शेजारची दारं किलकिली झाली आणि पुन्हा लागली. गुंडू आला की दारं अशीच लागत.

निपाणीच्या वखारींत त्याला न ओळखणारा हमाल नव्हता. त्याचा बापही हमाल. तंबाखू ठासून शिवलेलं पोतं, त्याला तिथं बोद म्हणतात. ते पाठीवर घेतलं की माणूस दिसत नाही, खालचे दोन पाय तेवढे चालताना दिसतात. बापानं गुंडूला दोन गोष्टी शिकवल्या, दोन्ही दोरीनंच: गाठ मारायला आणि मार खायला. गाठ सैल निघाली की तीच दोरी पाठीवर. त्यामुळे गुंडूनं बांधलेलं पुढं कधी सुटलं नाही. माल कोल्हापूरला जावो नाहीतर हुबळीला, उतरवणाऱ्याला गाठ कापावीच लागे.

मारण्यातही त्यानं कधी अंग चोरलं नाही. दुसऱ्याची पाळी चोरणाऱ्या एका हमालाचं मनगट त्यानं वजनकाट्याच्या पट्टीवर आपटून मोडलं होतं. एका मुकादमाला चुन्याच्या हौदात बुडवून वर काढलं, पुन्हा बुडवलं. पोलीस चौकीत त्यानं मार खाल्ला तोही उभ्यानं. बोलणं त्याला जमत नसे. बोलायला लागलं की दुसरा जिंकतो, असा त्याचा अनुभव. हात उचलला की हिशोब लगेच मिटतो.

भरमूवर मात्र त्यानं कधी हात टाकला नाही. बोद एकट्याला उचलता येत नाही, दुसऱ्यानं पाठीवर चढवावा लागतो. गुंडूच्या पाठीवर चढवायचा तो भरमू आणि भरमूच्या पाठीवर गुंडू. लग्नाच्या बायकोपेक्षा जास्त वेळ ती दोघं एकमेकांच्या घामात राहिली. म्हणून शामूची जुनी पिकअप गुंडूनं घेतली तेव्हा भरमूही वखारीतून उठला आणि तिच्या डाव्या दारात जाऊन बसला.

गाडी शामूच्या हातात होती तोवर बोरगावहून निपाणीला भाजी ओढत होती. कधी थांबली नव्हती. गुंडूच्या हातात येऊन पहिला पावसाळा सरला आणि तिला रोग लागला. चालता चालता दम तुटायचा. आचके द्यायची, मान टाकायची. बिडी ओढून होईस्तोवर उभं राहिलं की पुन्हा चालू. गावात कितीही फिरवा, काही नाही. लांबच्या खेपेला कधी पडायची, कधी नाही. एका मिस्त्रीनं डिझेलची जाळी बदलली, दुसऱ्यानं छोटा पंप बदलला, तिसऱ्यानं वायरिंग उसवलं. तिसऱ्याला गुंडूनं त्याच्याच टेबलावर झोपवला. डिझेल भेसळीचं आहे म्हणून पंपावरच्या पोरांशीही झोंबाझोंबी झाली.

मग तो दिवस आला. बोद भरून बेळगावकडं निघाले होते. तवंदी घाटात, चढाच्या ऐन वळणावर गाडी बंद पडली. इंजिन गेलं की ब्रेकही दगडासारखा होतो. गुंडू पाय रोवून दाबत होता, गाडी मागं सरत होती. भरमू उडी टाकून दगड घ्यायला पळाला, चाकाखाली सारला. दगड निसटला. चाक पायावर चढलं आणि तिथंच थांबलं. इंजिन बंद होतं, त्यामुळे हाड फुटल्याचा आवाज गुंडूला स्वच्छ ऐकू आला.

बेळगावच्या दवाखान्यात भरमूची बायको मालुबाई रडली नाही. तिनं गुंडूचा शर्ट धरला. “ज्यानं ही गाडी इकली त्येचा हात मोडून ये,” म्हणाली. “ज्या हातानं किल्ली दिली, त्यो हात. त्याबिगर तोंड दावू नगंस.”

“मोडतो,” गुंडू म्हणाला.

त्या शब्दापायी तो बोरगावच्या बोळात उभा होता.

यशोदाबाईनं उलथनं भिंतीला टेकवून ठेवलं. नवऱ्याच्या तोंडावरचं रक्त पदरानं पुसलं, बघितलं, आणि भावाकडं वळली.

“ह्येला ठावं होतं, ह्ये कोण म्हणतंय?”

“मी म्हणतो.”

“तुझं न्हाय चालायचं. पारिसाअण्णाकडं ने गाडी. त्यो म्हणाला की रोग जुना हाय, ह्येनं लपीवला, तर मी सोता ह्येचा हात धरीन. तू मोड. पर त्याच्या आधी मोडलास तर झोपंत तुझ्या डोस्क्यात वरवंटा घालीन. सख्खी भैन हाय, ठावं हाय न्हवं?”

ठाऊक होतं. लहानपणी तिनं एकदा घातलाही होता.

पारिसा मिस्त्रीचं गॅरेज निपाणीच्या वेशीबाहेर होतं. म्हातारा जैन, अंगानं काटकुळा. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून दुपार कलली की शटर ओढायचा, मग दारात आमदाराची गाडी का असेना. मुंगी दिसली तर पान्यानं बाजूला सारायचा. तोंड मात्र असं, की वखारीतले हमाल शिव्या शिकायला त्याच्याकडं जात.

त्यानं शामूचं सुजलेलं तोंड बघितलं, गुंडूच्या दंडावरचा फोड बघितला.

“हात मोडायचा हाय म्हणं.”

“व्हय, अण्णा.”

“मोड की. हात काय, मान मोड. पर आधी गाडी. रिकामी आणलीस व्हय रं, भाड्या?”

“तपासायला आणलीया न्हवं?”

“रिकाम्या गाडीला काय धाड भरलीया? निजलेल्या माणसाचा दमा कळतो व्हय? लाद. पलीकडं वाळूची पोती हायती. डिझेल किती हाय?”

“अर्धी टाकी.”

“त्या दिशी किती हुतं?”

“फुल. लांबच्या खेपेला फुलच करतो मी.”

“मग आजबी फुल कर. सगळं त्या दिशीसारखं पायजे.”

गुंडू आणि शामूनं वाळू लादली. शामूला पोतं पाठीवर घ्यायची सवय नव्हती. एक सुटलं आणि फुटलं. गुंडूनं त्याच्या पोटरीवर लाथ घातली, तो गुडघ्यावर आला, उठला, पुढचं पोतं धरलं. रक्त आणि वाळू तोंडातून थुंकत तो शेवटच्या पोत्यापर्यंत उभा राहिला. हे गुंडूच्या ध्यानात आलं, आणि आवडलं नाही.

पारिसा चालवायला बसला. मध्ये शामू, दाराशी गुंडू. निघण्याआधी म्हाताऱ्यानं डिझेलच्या नळीचा एक तुकडा कापून तिथं पारदर्शक नळी जोडली होती आणि ती सीटखालच्या पत्र्यातून वर काढली होती. त्यातून पिवळं डिझेल पळताना दिसत होतं.

“डोळं हितं ठेवायचं,” तो शामूला म्हणाला. “डिझेल थांबलं की वरडायचं.”

“आणि गाडी पडली की एक दात,” गुंडू म्हणाला.

घाट सुरू झाला. गाडीनं पहिली वळणं झोकात घेतली. शामू नळीकडं असा बघत होता, जसं तिच्यातून त्याचंच रक्त चाललंय. मधल्या चढाला इंजिनाचा सूर बदलला. एक आचका. दुसरा.

“थांबलं! अण्णा, डिझेल थांबलं!”

गाडी मेली. पारिसानं ती डाव्या कडेला डोंगराला टेकवली. तेवढ्यात गुंडूची मूठ शामूच्या तोंडावर आली. दात खरोखरच पडला. शामूनं तो ओंजळीत थुंकला आणि बघत राहिला.

“बिडो! सोड त्येला!” पारिसा कानडी-मराठी एकत्र करून ओरडला. “माझ्या कामात मारामारी नगं. आवाज ऐकू येत न्हाय मला, रांडच्या!”

“कसला आवाज? बंद हाय न्हवं गाडी.”

“बंद गाडीबी बोलती. तू गप बसलास तर.”

तो उतरून गाडीच्या पोटाखाली कान लावून पडला. बराच वेळ पडला. अंगाजवळून ट्रक चालले होते, धूळ त्याच्या पांढऱ्या मिशांवर बसत होती. मग उठून मागं ठेवलेला डिझेलचा कॅन त्यानं आणला, शामूच्या मांडीवर ठेवला. टाकीच्या दोन्ही नळ्या काढल्या, तोंडं चिंधीनं बांधली, आणि इंजिनाकडच्या नळ्या कॅनमध्ये सोडल्या. हातपंप मारला. चावी फिरवली.

गाडी पहिल्या फेरीत लागली. त्याच जागी, त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्यानं. पारिसानं ती रेटली. घाट संपेपर्यंत इंजिनानं एक उसासा टाकला नाही. वर स्तवनिधीच्या वाटेला सपाटी आली तिथं त्यानं गाडी उभी केली.

“इंजिन चांगलं,” म्हणाला. “पंप चांगला. वायर चांगली. रोग टाकीत हाय.”

शामूचा चेहरा उजळला, तेवढ्यापुरता. गुंडू उतरला. त्याच्या डोक्यात सगळं जुळलं होतं.

“म्हंजी टाकीत काय तरी घातलंस तू.”

“मी? मी कशाला—”

गुंडूनं त्याला बंडीला धरून बाहेर ओढला. रस्त्याच्या कडेनं फरफटत गाडीच्या मागं नेला. मागचं फळकं खाली पाडलं, शामूचा उजवा हात त्यावर पसरला, कोपरावर आपला गुडघा ठेवला. सीटमागचा चाकाचा पाना त्यानं येतानाच काढून घेतला होता.

“भरमूची बायको वाट बघती,” तो म्हणाला.

“गुंडू, आईच्यान, मी न्हाय! तुझ्या आक्काची आण!” शामू ओरडत होता. “माझ्याकडं चांगली चालत हुती रं! तूच काय तरी केलंस!”

“मी? म्या तिला पोरीगत जपलीया!”

“थांब,” पारिसा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. “टाकी उघडल्याबिगर न्हाय. तुझ्या आक्काचा शब्द हाय त्यो. मला फोन आलता तिचा.”

गुंडूनं पाना वर धरून ठेवला. “उघड.”

“तू कुणा मिस्त्रीला टाकीला हात लावू देत न्हाईस म्हणं.”

“म्या बांधलीया ती. तंबाखूची भुकटी जाती आत.”

ते खरं होतं. वखारीत माल चढवताना भुकटी सगळीकडं उडते. डोळ्यात, भातात, पोरांच्या दुधात. डिझेलच्या झाकणावर ती बसते, झाकण फिरवलं की आत पडते, जाळ्या तुंबतात. म्हणून तिथले गाडीवाले झाकणावर प्लास्टिक घालून सुतळीचा वेढा मारतात. सैलसर. गुंडूला सैलसर जमत नसे. त्यानं जाड प्लास्टिकच्या घड्या घातल्या होत्या, वरून सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून ताणून वेढली होती, आणि शेवटी बोदाला मारतात ती गाठ. डिझेल भरल्यावर दर वेळी तो हे सगळं नव्यानं करी. असं काम बघितलं की करणाऱ्याला मजुरी जास्त द्यावीशी वाटते.

पारिसानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग पातं काढलं आणि रबर कापलं. प्लास्टिक फाडलं. झाकण अर्धं फिरवलं.

टाकीनं श्वास घेतला.

दुसरा शब्द नाही त्याला. सूंऽऽ करून हवा आत गेली, बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो तशी, लांब. आणि मग टण्णकन, कुणीतरी आतून हातोडा मारावा तसा, आत ओढलेला टाकीचा पत्रा बाहेर आला. गुंडू दचकला.

पारिसानं झाकण उलटं करून त्याच्या नाकासमोर धरलं. मधोमध बारीक भोक होतं, टाचणीएवढं.

“ह्ये कशाला ठेवत्यात, ठावं हाय?”

गुंडूनं पाना न सोडता त्या भोकाकडं बघितलं.

“जेवढं डिझेल भाईर जातं तेवढी हवा आत याय पायजे. न्हाय आली तर टाकी डिझेल धरून ठेवती, सोडत न्हाय. फुल टाकीत हवा थोडी असती, म्हणून फुल टाकीनं घाटात लवकर गुदमरती. थांबलास की कुठनं तरी इवलीशी हवा शिरती, मग पुन्हा लागती. अर्ध्या टाकीला गावात फिरवलीस, काय झालं न्हाय.” त्यानं कापलेलं रबर उचललं. “तू हिचं नाक दाबलंस. आणि असं दाबलंस की पुन्हा कुणाला सोडवता येऊ ने.”

रस्त्यावरून बस गेली. गुंडूचा गुडघा शामूच्या कोपरावरून कधी उठला ते त्याला कळलं नाही. पाना फळक्यावर ठेवला गेला. त्यानं आपल्या तळहातांकडं बघितलं. रबर ताणून ताणून पडलेले घट्टे होते तिथं. त्यानं मूठ वळली आणि गाडीच्या बाजूवर मारली. पुन्हा मारली. बोटांची सालं निघाली, पत्रा आत गेला. अजून मारली असती, पण मारण्यासारखं तिथं कुणी नव्हतं.

शामू सरळ उभा राहिला. त्यानं दात खिशात घातला. फळक्यावरचा पाना दोन्ही हातांनी उचलला.

गुंडूनं त्याला येताना बघितलं. मागं सरायला भरपूर जागा होती. तो सरला नाही. डोक्यावर येणारा घाव बघून मान तेवढी बाजूला गेली, ती माणसाची सवय. आणि पाना उजव्या खांद्यावर बसला, बोद जिथं टेकतो तिथं. आतलं हाड काटकीसारखं मोडलं. गुंडू चाकाला टेकून खाली बसला.

शामूनं पाना पुन्हा वर नेला.

“बास!” पारिसा मध्ये आला. “एक झाला. दुसरा मारलास तर तुझ्यात आणि ह्येच्यात अंतर काय राह्यलं?”

“अंतर?” शामू रक्त थुंकून म्हणाला. “अण्णा, ह्येनं सकाळधरनं मला किती मारल्या, मोजल्या तुमी?”

पण पाना खाली आला. तो गटारात फेकून दिला त्यानं.

पारिसानं नळ्या पूर्ववत टाकीला जोडल्या, भोक तारेनं साफ केलं, झाकण लावलं. प्लास्टिक लावलं नाही. “मी बसनं जातो,” म्हणाला. “ह्येला बेळगावला ने. हितं हाड बसवणारा न्हाय. आणि जाताना भांडू नगासा, इंजिनाकडं ध्यान द्या.” गुंडूकडं त्यानं बघितलं नाही.

शामूनं गाडी हाकली. संकेश्वर मागं पडलं, हत्तरगी मागं पडली. खड्डा आला की मोडलेली टोकं एकमेकांवर घासत आणि गुंडूच्या डोळ्यांपुढं पांढरं होई. तो इंजिन ऐकत होता. एक आचका येऊ दे, त्याला वाटत होतं. एकच. म्हातारा चुकला असं निघू दे, आत काहीतरी सडलेलं निघू दे, कुणीतरी लपवलेलं. प्रत्येक चढाला तो कान देऊन बसला. गाडी एका सुरात चालली होती, फुल टाकीनं, वाळूच्या ओझ्यासकट.

दवाखान्याच्या त्या खोलीत मालुबाई स्टुलावर बसली होती. गुंडू आत आला, मागं शामू. तिनं शामूचं तोंड बघितलं. फुटलेले ओठ, मिटलेला डोळा. मग त्याचे दोन्ही हात बघितले.

“शाबूत हायती,” ती म्हणाली.

“त्येचा दोष न्हाय,” गुंडू म्हणाला.

भरमू जागा होता. चादर एका बाजूला मध्येच सपाट होत होती. “मग काय निघालं?” त्यानं विचारलं.

“टाकीचं झाकण. हवा जात नव्हती.” गुंडूला पुढचं बोलायला वेळ लागला. बोलणं त्याला जमत नसेच. “म्या बांधलं हुतं घट्ट.”

भरमू छताकडं बघत राहिला. बाहेरच्या वऱ्हांड्यात कुणाचं तरी पोर रडत होतं, आई त्याला कानडीत समजावत होती.

“रबराचं टोक म्याच धरलं हुतं की,” भरमू म्हणाला. “तू म्हणालास, वड. म्या वडलं.”

आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

मालुबाई उठली. तिनं दोन्ही तळव्यांनी गुंडूला ढकललं, उजव्या खांद्यावरच. हाड मोडल्याचं तिला माहीत नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही. तिनं पुन्हा ढकललं, पुन्हा, दारापर्यंत. तिथं त्याच्या पोटातून जो आवाज निघाला तो वखारीत कुणी ऐकला नव्हता, चौकीतही नव्हता. वऱ्हांड्यातलं पोर रडायचं थांबलं.

दार लागलं. गुंडू भिंतीला धरून उभा होता, घामानं निथळत. समोर शामू होता, हातात गाडीची किल्ली.

“एक्स-रे खाली हाय,” शामू म्हणाला. “चल. माझ्या खांद्यावर हात टाक. डावा.”